बालकांस वाचून दाखवावयाची सचित्र काव्ये

मुलास अक्षरओळख होण्याच्या पुष्कळ आधी त्याची काव्याशी ओळख झालेली असते. पाळण्याच्या दोरीबरोबर येणारी अंगाई, घासागणिक म्हटलेले बडबडगीत, तिन्हीसांजेची शुभंकरोती आणि परवचा, या सर्वांचा ताल त्याच्या कानात मुरल्यावर मग केव्हातरी पाटी येते आणि पुस्तक येते. काव्याचा पहिला श्रोता निरक्षर असतो, हे व्यक्तीइतकेच समाजाच्या बाबतीतही खरे आहे. परंतु याच मुलाच्या पुढ्यात सचित्र कवितांचे पुस्तक उघडून घरातील वडील माणूस ते मोठ्याने वाचू लागले, म्हणजे एक चमत्कारिक व्यवस्था उत्पन्न होते. पानावर कविता असते, ती मुलास वाचता येत नाही, केवळ ऐकू येते. त्याच पानावर चित्र असते, ते मुलास दिसते, परंतु वाचणाऱ्यास त्याकडे निरखून पाहावयास फुरसत नसते. कान एकाच्या स्वाधीन, डोळा दुसऱ्याच्या स्वाधीन, आणि दोहोंचा मेळ घालण्याचे काम मुलाच्या मनाकडे! असे पुस्तक निवडणे वरवर दिसते तितके सोपे नाही, ते एवढ्याचसाठी.

सामान्यतः ही निवड तीन प्रश्न विचारून केली जाते. कवितेत काही बोध आहे काय, चित्रे सुंदर आहेत काय, आणि कवी नामांकित आहे काय. हे प्रश्न आजचे नव्हेत. त्यांची परीक्षा इतिहासाने पूर्वीच घेतलेली आहे. इंग्लंडात मुलांच्या सचित्र काव्याचा धंदा अठराव्या शतकाच्या मध्यापासून अखंड चालत आला आहे, आणि त्यातील कवींचे, चित्रकारांचे व मुद्रकांचे वृत्तान्तही बऱ्याच अंशी उपलब्ध आहेत. ते वृत्तान्त पाहता आमचे असे मत झाले आहे की, ज्या पुस्तकात चित्र कवितेची पुनरुक्ती न करता तिला उत्तर देते, आणि त्या दोहोंच्या मध्ये मुलाच्या मनास शिरण्यापुरती जागा राहते, तेच पुस्तक मोठ्याने वाचून दाखविण्यास उत्तम. हे मत ज्या इतिहासावरून बनले तो थोडक्यात सांगावा, आणि त्यातून मराठी घरांच्या उपयोगाचे काय निघते ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम बोधाचा प्रश्न घेऊ. १७१५ साली आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने 'डिव्हाइन साँग्ज' या नावाने मुलांसाठी पद्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची विचारसरणी सरळ होती. पद्य गोड लागते आणि स्मरणात राहते. तेव्हा जे मुलाच्या मनात कायमचे राहावे असे आपणांस वाटते, ते पद्यात घालावे. या विचारात खोटे असे काही नाही, आणि वॉट्स हा स्वभावाने कोमल मनुष्य होता हे त्याच्या अंगाईगीतावरून दिसून येते. त्याच्या पुस्तकाचा पगडा किती खोल होता याची उत्तम साक्ष १८६५ साली लुइस कॅरॉलने दिली. 'अ‍ॅलिस'च्या कथेत उद्योगी मधमाशीवरील वॉट्सची कविता म्हणावयास गेलेल्या मुलीच्या तोंडून मगरीचीच कविता निघते. या विनोदाला हसावयाचे, तर मूळ कविता ऐकणाऱ्यास मुखोद्गत असली पाहिजे; आणि दीडशे वर्षांनंतरही ती इंग्रजी मुलांस तशी मुखोद्गत होती. मात्र ज्या कवितेची थट्टा ऐकताच मुले हर्षाने टाळ्या पिटतात, तिने त्यांची स्मृती जिंकली होती, प्रीती जिंकली नव्हती, असाच याचा अर्थ करावा लागतो. त्या काळच्या स्वस्त बोधपर पुस्तकांतील चित्रांविषयी तर बोलावयासच नको. छापखान्यात लाकडी ठसे पडून असत. एकाच ठशातील मुलगा एका पुस्तकात आज्ञाधारक म्हणून, तर दुसऱ्यात आळशी म्हणून छापला जाई. चित्राचे काम पान भरण्यापलीकडे काही आहे अशी कल्पनाच रुजलेली नव्हती.

दुसरा प्रवाह याच सुमारास सुरू झाला. जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने १६९३ साली शिक्षणविषयक ग्रंथात सांगून ठेवले होते की, मुलास वाचन खेळासारखे वाटले पाहिजे, आणि इसापाच्या गोष्टी द्यावयाच्या तर त्या सचित्र द्याव्यात. १७४४ साली लंडनात दोन चिमुकली पुस्तके निघाली. जॉन न्यूबेरीचे 'ए लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक' सहा पेन्सांस मिळे, आणि आणखी दोन पेन्स दिल्यास मुलास चेंडू व मुलीस टाचण्यांची गादी बरोबर मिळे. न्यूबेरी हा मोठा धोरणी व्यापारी होता. दुसरे पुस्तक मेरी कूपर या प्रकाशिकेने काढलेले 'टॉमी थंब्ज प्रिटी साँग बुक'. तळहातावर मावेल एवढ्या या पुस्तकात दायांच्या आणि आज्यांच्या तोंडची गाणी प्रथमच लहानग्यांसाठी चित्रांसह छापली गेली. त्या गाण्यांत बोध नव्हता, पुष्कळदा अर्थही नव्हता. होता तो ठेका. बोधाचे काव्य वरून खाली आले आणि ठेक्याचे काव्य घरातून छापखान्यात गेले, असे या दोन प्रवाहांचे वर्णन करता येईल. पुढील शंभर वर्षे दोन्ही शेजारी शेजारी वाहत राहिले.

त्या शंभर वर्षांतील दोनच नावे येथे पुरेत. विल्यम ब्लेकने १७८९ साली 'साँग्ज ऑफ इनोसन्स' काढले. कविता त्याची, चित्रे त्याची, तांब्याच्या पत्र्यावर दोहोंची अक्षरे व रेघा एकत्र उठविणाराही तोच, आणि छापलेल्या पानांवर हाताने रंग भरणारे तो व त्याची पत्नी. काव्य आणि चित्र यांचा इतका एकजीव संसार पुढे क्वचितच झाला. परंतु अशा रीतीने प्रती निघणार किती! त्या रसिकांच्या संग्रहात गेल्या. ज्या मुलांच्या नावाने त्या गीतांचा आरंभ झाला त्यांच्या हाती पोहोचल्या नाहीत. दुसरे नाव विल्यम रॉस्को याचे. लिव्हरपूलचा हा विद्वान गृहस्थ १८०७ साली पार्लमेंटात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध मत देऊन आपली जागा गमावून बसला. त्याच वर्षी त्याने आपल्या धाकट्या मुलासाठी रचलेली 'द बटरफ्लाइज बॉल' ही कविता सचित्र पुस्तकरूपाने निघाली. तीत कीटक व लहान प्राणी मेजवानीस जमतात, जेवतात, नाचतात आणि रात्र पडताच घरी जातात. कोणी कोणास उपदेश करीत नाही. या निरुपदेशी मेजवानीचे पुस्तक विलक्षण लोकप्रिय झाले, आणि तिच्या अनुकरणांनी बाजार भरून गेला.

आता ज्या दोन पुस्तकांनी हा सगळा व्यवहार पालटला त्यांकडे वळू. त्यांतील पहिले इंग्लंडातले नव्हे, जर्मनीतले आहे. १८४४ च्या नाताळापूर्वी फ्रांकफुर्ट येथील डॉक्टर हाइनरिख होफमान आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक विकत आणण्यास बाजारात गेला. दुकानात त्यास लांबलचक कथा व कोरडे उपदेश यांखेरीज काही मिळेना. अखेर त्याने एक कोरी वही विकत घेतली आणि घरी येऊन तीत स्वतः पद्ये लिहिली व चित्रे काढली. ही वही १८४५ साली छापली गेली आणि पुढे 'श्ट्रुव्हेलपेटर' या नावाने जगभर गेली. निवड करावयास गेलेला बाप निर्माता होऊन परतला, असे हे उदाहरण आहे. या पुस्तकात बोध आहे, किंबहुना बोधाचा अतिरेक आहे: सूप न पिणारा मुलगा वाळून वाळून मरतो, अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कात्रीने उडवून नेतो. पुष्कळ आईबापांस ही क्रूरता असह्य वाटली, आणि ती वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु वाचून दाखविण्याच्या दृष्टीने त्यात एक नवी गोष्ट होती. सूप नाकारणारा मुलगा चित्राचित्रातून कृश होत जातो आणि शेवटी रेघेएवढा उरतो. मूल ऐकता ऐकता ही घट डोळ्यांनी मोजीत असते. चित्र आता कवितेबरोबर चालू लागले होते.

दुसरे पुस्तक एडवर्ड लियरचे. लियर हा धंद्याने पक्ष्यांचा चित्रकार. विशीत असतानाच त्याने पोपटांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. पुढे डर्बीच्या अर्लने नोझ्ली येथील आपल्या खासगी प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्यास त्यास बोलाविले. दिवसा तो पोपटाचे एकेक पीस बिनचूक रंगवी, आणि त्या घरातील मुलांच्या करमणुकीसाठी पाच ओळींची वेडगळ पद्ये व त्यांची तितकीच वेडगळ चित्रे काढी. तीच १८४६ साली 'ए बुक ऑफ नॉन्सेन्स' म्हणून प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीवर त्याने स्वतःचे नावही घातले नव्हते. लियरच्या पद्यात बहुधा एक म्हातारा असतो, त्याचे काहीतरी विचित्र वर्तन असते आणि गावातील लोकांची त्यावर नाराजी असते. पद्य हे सर्व गंभीरपणे सांगते. चित्रातील म्हातारा मात्र आनंदाने हात पसरून, एका पायावर उभा राहून, जणू उडण्याच्या बेतात असतो. शब्दांनी ज्यास दोषी ठरविले त्यास चित्र निर्दोष सोडून देते. मुलास याचे कारण सांगता येणार नाही; पण आपण कोणाच्या बाजूचे, हे त्यास तत्काळ कळते.

या लियरचा आपल्या प्रांताशीही संबंध आलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या निमंत्रणावरून तो १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरला व वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानात चित्रे काढीत हिंडला. १८७४ च्या जुलैत मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्याची 'द कमरबंद' ही कविता आली. साहेबांच्या बंगल्यातील धोबी, पंखा, चपराशी इत्यादी शब्द उचलून त्याने ते भलत्याच अर्थांनी योजिले आहेत. ज्या वाचकास हे शब्द ठाऊक त्यास विसंगतीचे हसू येते. ज्यास ठाऊक नाहीत त्यास ते अद्भुत प्राण्यांची व वस्तूंची नावे वाटतात. लहान मुलाची प्रत्येक नव्या शब्दापुढे हीच स्थिती असते. अर्थ कळण्यापूर्वी नादाची चव घेणे हा त्याचा हक्क आहे. कवितेतील प्रत्येक कठीण शब्दापाशी थांबून अर्थ सांगणारा वाचक हा हक्क हिरावून घेतो.

लियरने वाट दाखविली, तरी त्या वाटेने सामान्य घरापर्यंत जावयाचे तर रंगीत चित्र स्वस्त व्हावयास हवे होते. हे काम एडमंड एव्हन्स या लंडनच्या मुद्रकाने केले. त्या वेळी बाजारात मुलांसाठी मिळणारी रंगीत चोपडी भडक आणि ओबडधोबड असत. चांगल्या चित्रकाराकडून रेखाटन करून घेतले, रंगागणिक लाकडाचा निराळा ठोकळा काळजीपूर्वक कोरला, आणि प्रती मोठ्या संख्येने काढल्या, तर सहा पेन्सांतही सुंदर पुस्तक देता येईल, असा एव्हन्सचा हिशेब होता. प्रथम मुख्य रेघांचा ठोकळा छापून त्याचा एक नमुना चित्रकाराकडे जाई; तो त्यावर रंग भरून देई; मग प्रत्येक रंगाचे ठोकळे तयार होत, आणि सर्व ठोकळे एकाच कागदावर एकावर एक अचूक बसत. वॉल्टर क्रेन, केट ग्रीनवे आणि रँडॉल्फ कॉल्डेकॉट हे तीनही प्रसिद्ध चित्रकार या एका छापखान्याने पुढे आणले. चांगले बालवाङ्मय कवीच्या प्रतिभेइतकेच ठोकळे कोरणाऱ्याच्या हातावर आणि छापील प्रतींच्या संख्येवर अवलंबून असते, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली आहे.

या तिघांत आमच्या विषयाच्या दृष्टीने श्रेष्ठ कॉल्डेकॉट. १८४६ साली चेस्टर येथे जन्मलेला हा गृहस्थ कोवळ्या वयातच बँकेत कारकुनीस लागला, आणि हिशेबाच्या कागदांवर चित्रे काढीत काढीत १८७२ साली लंडनास येऊन चित्रकार झाला. १८७८ च्या नाताळात त्याची पहिली दोन चित्रपुस्तके निघाली: एक कूपर कवीच्या १७८२ सालच्या जॉन गिल्पिनवरील विनोदी पोवाड्याचे, आणि दुसरे जॅकच्या घराच्या जुन्या साखळीगाण्याचे. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. करार असा की, ठोकळ्यांचा व छपाईचा खर्च एव्हन्सने सोसावयाचा आणि कॉल्डेकॉटने खपणाऱ्या प्रतीमागे मोबदला घ्यावयाचा. पुस्तक न खपल्यास त्यास काहीच मिळावयाचे नाही. पहिल्या दहा हजार प्रती पाहता पाहता संपल्या. पुढे दर वर्षी दोन याप्रमाणे १८८५ पर्यंत अशी सोळा पुस्तके झाली, आणि १८८६ च्या फेब्रुवारीत, वयाची चाळिशीही पुरी होण्यापूर्वी, अमेरिकेतील फ्लॉरिडात तो वारला.

कॉल्डेकॉटची करामत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १८८२ सालच्या पुस्तकात त्याने एक जुने निरर्थक गाणे घेतले, ज्यात मांजर सारंगी वाजविते, गाय चंद्रावरून उडी मारते आणि अखेरीस तबक व चमचा ही दोघे मिळून पळून जातात. गाणे तेथेच संपते. वाचणाऱ्याचा आवाज थांबतो. पण मूल पान उलटते, आणि पुढे शब्दावाचून एक चित्र आहे: तबक जमिनीवर फुटून तुकडे होऊन पडलेले, आणि सुरी व काटा ही चमच्याची वडीलधारी मंडळी तिला दोन्ही बाजूंनी धरून घरी नेत आहेत. त्याच पुस्तकातील दुसऱ्या गाण्यात शिकारीस गेलेला बाप बाळासाठी सशाचे कातडे आणावयाचे म्हणतो. गाण्यात आनंदच आहे. शेवटच्या चित्रात ते कातडे पांघरलेले बाळ आईबरोबर फिरावयास निघालेले असते, आणि वाटेत टेकाडावर बसलेल्या सशांकडे टक लावून पाहत असते. या दोन्ही चित्रांत कवीने न सांगितलेले दुःख आहे, पण ते मुलावर लादलेले नाही. ज्याच्या ध्यानी येईल त्याच्या येईल, न येईल तो हसत पुढचे गाणे मागेल. आणि आज न आलेले पुढच्या वर्षी येईल. एकच पुस्तक मूल पुनःपुन्हा का मागते, या नित्याच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघाने १९३८ पासून दर वर्षी उत्तम चित्रपुस्तकास कॉल्डेकॉटच्या नावाचे पदक देण्याचा प्रघात पाडला, आणि त्या पदकावर उधळलेल्या घोड्यावरील जॉन गिल्पिन कोरला आहे, हे अगदी योग्यच झाले.

दुसरा प्रश्न सौंदर्याचा. त्याचा निकाल केट ग्रीनवेच्या यशात सापडतो. १८७९ साली तिने स्वतः रचलेल्या पद्यांचे व चित्रांचे 'अंडर द विंडो' हे पुस्तक एव्हन्सने काढले. सहा शिलिंगांच्या पुस्तकाच्या वीस हजार प्रती छापल्या म्हणून प्रकाशक त्यास हसले; परंतु त्या संपून आणखी कितीतरी हजार काढाव्या लागल्या. रस्किनसारख्या टीकाकाराने १८८३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात तिची स्तुती केली, आणि तिच्या चित्रांतील जुन्या धाटणीच्या टोप्या व झगे यांच्या धर्तीवर मुलांचे कपडे शिवण्याची टूम निघाली. तिचे रंग कोमल आहेत, बागा नीटनेटक्या आहेत, आणि तिची रेघ खरोखर गोड आहे. पण या चित्रांतील मुले क्वचितच काही करतात. बहुधा ती नुसती उभी असतात. ती हरवलेल्या बालपणाची मोठ्या माणसांची स्वप्ने आहेत, आणि म्हणून मोठी माणसे ती विकत घेतात. मूल त्यांकडे पाहते, 'छान' म्हणते आणि पान उलटते. सौंदर्य हा दोष खचित नव्हे. परंतु ज्या चित्रात पुढे काय होणार असा प्रश्न उत्पन्न होत नाही, ते मोठ्याने वाचण्याच्या कामी थोडे साहाय्य करते.

तिसरा प्रश्न नामांकित कवीचा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यास मुलांची पद्ये लिहिण्याची स्फूर्ती ग्रीनवेचेच एक पुस्तक पाहून झाली; परंतु त्याचे 'ए चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस' १८८५ साली निघाले ते चित्रांवाचून. चार्ल्स रॉबिन्सनच्या चित्रांची प्रसिद्ध आवृत्ती आली तेव्हा कवी हयात नव्हता. त्यानंतर अनेक चित्रकारांनी त्या कवितांस हात घातला. आजारी मुलाचे अंथरुण, भिंतीवरील सावली, संध्याकाळी दिवे लावीत जाणारा माणूस, हे सर्व स्टीव्हन्सनने शब्दांत इतके पुरे केले आहे की चित्रकारास नवे सांगावयास थोडेच उरते. यावरून असे दिसते की, उत्तम कविता आणि उत्तम सचित्र कविता या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही कवितांना चित्र नसणे हेच योग्य. त्या डोळे मिटून ऐकावयाच्या असतात, आणि दिवा मालविल्यावर त्या म्हणण्याची सोय असते हा त्यांचा मोठाच गुण.

हा इंग्रजी वृत्तान्त येथेच संपता, तर 'परकी बाग, परकी फुले' असे कोणी म्हणू शकता. परंतु तोच प्रवाह बंगालात येऊन कसा फुलला हे पाहण्याजोगे आहे. उपेंद्रकिशोर राय हे स्वतः लेखक, चित्रकार आणि हाफटोन ठोकळ्यांच्या शास्त्राचे अभ्यासक. त्यांनी कलकत्त्यास स्वतःचा छापखाना काढून १९१३ साली 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांचे पुत्र सुकुमार राय १९११ साली इंग्लंडास गेले, लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणकला शिकले आणि 'संदेश' निघाले त्याच वर्षी परतले. लियर व कॅरॉल त्यांनी पचविले होते. पण त्यांची पद्ये बंगाली दायांच्या व आज्यांच्या छड्यांच्या ठेक्यावर उभी राहिली, आणि त्यांतील हेडमास्तर, कारकून, बाबूलोक हे कलकत्त्यातलेच होते. दोन प्राण्यांची नावे जोडून त्यांनी अजब जनावरे निर्माण केली, आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढली. १९२१ साली त्यांस काळा आजार झाला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'आबोल ताबोल' या पुस्तकाची जुळणी व सजावट केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते वारले, आणि पुस्तक निघाले १९ सप्टेंबरला. छापून आलेले आपले पुस्तक त्यांनी पाहिले नाही. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक पिढीतील बंगाली मुलांनी ते ऐकले. परकी विद्या घरच्या ठेक्यात बसविली म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

महाराष्ट्राकडे वळताना प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चित्र दाखवून पद्य म्हणण्याची कला आपणांस नवी नाही. सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आहे, आणि कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथींनी ही परंपरा आमच्या काळापर्यंत आणून पोहोचविली. कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी घेऊन कथी बसतो, एकेक चित्र उभे धरतो, आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतो. या चित्रांत पुष्कळदा दोन पात्रे समोरासमोर उभी असतात, एवढेच. त्यांचे भांडण, आर्जव, शाप, सर्व काही गाणाऱ्याच्या कंठात असते. कॉल्डेकॉटने छापील पानावर जी कामाची वाटणी केली, तिचेच हे दुसरे रूप होय: तेथे शब्द थोडे आणि चित्र बोलके, येथे चित्र थोडे आणि कंठ बोलका. दोन्हीकडे एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली आहे.

छापील मराठी बालकवितेचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रेव्हरंड टिळक, दत्त, बालकवी यांच्या पिढीने मुलांसाठी गोड पद्ये लिहिली. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक काढून मुलांच्या वाङ्मयास घर मिळवून दिले. आणि १९६१ साली विंदा करंदीकरांचा, मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाचेच नाव मिरविणारा 'राणीची बाग' हा संग्रह आल्यावर, इंग्रजीच्या या अध्यापकाच्या हातून मराठी ठेक्यास एक नवे चापल्य आले. तथापि पुष्कळ मराठी मुलांना भेटलेली पहिली सचित्र कविता ही शाळेच्या क्रमिक पुस्तकातीलच असते. त्या कविता पुष्कळदा चांगल्या असतात. परंतु त्यांच्या खाली प्रश्न असतात. ज्या कवितेखाली प्रश्न आहेत तिचा आनंद मूल जपूनच घेते.

आता निवडीविषयी आमचे जे म्हणणे, ते इतिहासाच्या आधाराने असे. पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील एक कविता दुकानातच हलक्या आवाजात म्हणून पाहावी. जेथे जीभ अडखळते तेथे कवीने मात्रांची चोरी केलेली असते, आणि ती मुलाच्या कानास वडिलांच्या डोळ्यांपेक्षा लवकर सापडते. मग कविता झाकून चित्र पाहावे, आणि चित्र झाकून कविता वाचावी. दोहोंतून तेच ते मिळाले, तर त्यांतील एक व्यर्थ छापले आहे असे समजावे. पान उलटण्याची जागा पाहावी. कवितेचा श्वास जेथे थांबतो तेथे पान उलटत असेल, तर पुस्तक करणारास वाचून दाखविण्याचा अनुभव आहे. परदेशी चित्रे तशीच ठेवून त्यांतील मोकळ्या जागेत मराठी शब्द बसविलेली जी पुस्तके मिळतात, त्यांची परीक्षा अधिक कडक करावी. त्यांत अर्थ उतरतो, ठेका क्वचित उतरतो. बोध असल्यास असू द्यावा, पण त्यासाठी पुस्तक घेऊ नये. आणि किंमतीस भिऊन पुस्तक काचेच्या कपाटात ठेवावे लागेल, असे तर मुळीच घेऊ नये. एव्हन्सने सहा पेन्सांचा हिशेब केला तो पुस्तके फाटावीत म्हणूनच केला, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या सर्व प्रपंचाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमच्या घरांतून तिन्हीसांजेचा परवचा बहुतांशी गेला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मूल इंग्रजी शाळेत जाते, आणि उरलेला वेळ हातातील यंत्राच्या पडद्यास देते. तो पडदा गाणी ऐकवितो आणि चित्रेही दाखवितो. परंतु मूल मध्येच 'ते तबक का फुटले?' असे विचारू लागले, तर तो थांबत नाही. वाचणारे माणूस थांबते. अशा स्थितीत मराठी भाषा तिच्या ठेक्यासह, तिच्या अनुनासिकांसह आणि तिच्या थट्टेसह मुलाच्या कानी घालण्याची जी थोडी साधने घरात उरली आहेत, त्यांत रात्री निजण्यापूर्वीची अर्धी घटका हे एक मुख्य होय. ज्या भाषेतील गाणे मुलाने कोणाच्या तरी मांडीवर बसून ऐकलेले नाही, ती भाषा त्यास पुढे शिकविता येईल, परीक्षेत तीत गुणही मिळतील. पण तिच्यात थट्टा करावी असे त्यास सुचणार नाही. म्हणून या अर्ध्या घटकेसाठी कोणते पुस्तक घ्यावे याचा विचार आईबापांनी आणि आजीआजोबांनी, मुलाच्या शाळेची निवड करताना करतात तितक्याच काळजीने करावा, अशी आमची त्यांस विनंती आहे. आणि होफमानप्रमाणे दुकानात मनाजोगे काही मिळालेच नाही, तर कोऱ्या वह्या आपल्याकडेही विकत मिळतात.